आखडलेला खांदा आणि स्टोअरमधली कच्ची वही

इश्यू_खिडकी (मूळ लेख)

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला माझा उजवा खांदा दुखायला लागला. तिळाच्या वड्या थापल्या, त्याने भरून आला असेल असं वाटलं. महिनाभर बाम लावला, शेकलं. मग एका सकाळी वेणी घालायला हात मागे नेला आणि तो कानापाशीच अडला. पुढच्या पंधरा दिवसांत ब्लाऊजचे हूक, बसमधला वरचा दांडा, फळीवरचा पोह्यांचा डबा, एकेक करून सगळं हाताबाहेर गेलं. रात्री त्या कुशीवर वळले की खाडकन जाग यायची. एक्स-रे काढला तर तो अगदी स्वच्छ. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी कोपर पोटाशी टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला. तो फिरेचना. "फ्रोझन शोल्डर. शुगर आहे का?" आहे, नऊ वर्षांपासून.

मी भोसरी एमआयडीसीत एका मशीनिंगच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. चोवीस वर्षं झाली. त्याच वर्षी 1 एप्रिलला आमच्याकडे ईआरपी, म्हणजे सगळ्या खात्यांचा हिशोब एकत्र ठेवणारी कॉम्प्युटर सिस्टीम, सुरू झाली. बिन कार्डं (मालाच्या खणांवरची साठ्याची कार्डं) बंद, इश्यू स्लिपा (माल दिल्याच्या चिठ्ठ्या) बंद, माल आला की गेला की त्याच क्षणी नोंद कॉम्प्युटरवर. खांदा आणि ईआरपी ही दोन्ही दुखणी मी एकदमच काढली. त्यातलं एक दुसऱ्यामुळे समजलं, ते इथे लिहावंसं वाटतंय.

डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखं एक आवरण असतं. ते सुजतं, जाड होतं, आक्रसतं. दुखतं म्हणून आपण हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून तो आणखी आखडतो.

निगडी प्राधिकरणात एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे जायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मी खुशीत हात वर करून दाखवला, "बघा, कानापर्यंत जातोय आता." त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, एक तळवा माझ्या उजव्या फऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, घट्ट दाबून धरला आणि म्हणाल्या, "आता करा वर." हात खांद्याच्या रेषेपर्यंतही पोचला नाही. त्यांनी कोनमापक लावला आणि कागदावर 70 लिहिलं. म्हणजे आधी जे वर जात होतं ते सांध्यातून जातच नव्हतं. फरा वर उचलला जायचा, कंबर डावीकडे कलायची, मान वाकडी व्हायची, आणि या सगळ्यांनी मिळून हात वर ढकललेला असायचा. सांधा जिथे होता तिथेच होता. मला तिथेच रडू फुटलं. तीन आठवडे मी घरी सगळ्यांना "सुधारतंय" म्हणून सांगत होते.

मे महिन्यात ईआरपीच्या कन्सल्टंट मुलाने मीटिंगमध्ये स्टोअरचा रिपोर्ट पडद्यावर लावला. इश्यूच्या नोंदी शंभर टक्के. साहेब खूश. मग त्याने आणखी एक कॉलम उघडला, नोंद केल्याची वेळ. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते. त्या पाळीत दिलेल्या एकूण एक मालाची नोंद दुपारी तीन ते पावणेचारच्या आत झालेली. सकाळभर एकही नाही.

कारण मला माहीत होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये दोनशे पानी वही होती. ऑपरेटर खिडकीशी येऊन "बाई, इन्सर्ट द्या" म्हणाला की आम्ही इन्सर्ट (मशीनच्या हत्याराचं कापणारं टोक) द्यायचो, वहीत पेन्सिलीने लिहायचो, आणि पाळी सुटताना सगळं एकदम कॉम्प्युटरवर चढवायचो. त्याच आठवड्यात ऑइल सीलचा स्टॉक सिस्टीमवर 400 दिसत होता आणि रॅकवर रिकामी खोकी होती. आदल्या पाळीचं पान चढवायचं राहून गेलं होतं. प्लॅनिंगने 400 पाहून मागणीच काढली नाही. असेंब्ली लाइन अर्धी पाळी उभी राहिली.

त्या कॉलमकडे बघताना मला फऱ्यावरचा तो तळवा आठवला. आमची शंभर टक्के नोंद म्हणजे माझा कानापर्यंत गेलेला हात होता.

पहिला हुकूम सुटला, "वही जप्त करा." केली. दुसऱ्या दिवशी मुलांच्या खिशात चिठ्ठ्या निघाल्या, मग खोक्यांच्या पुठ्ठ्यावर, मग कॅलेंडरच्या पानामागे. इकडे फिजिओबाई मात्र कधीच थेट हाताला हिसका देत नसत. पंधरा मिनिटं गरम शेक, मग वाकून हात लोंबता सोडून लंबकासारखे झोके, मग भिंतीवर बोटांनी चालत वर जाणं, आणि सगळ्यात शेवटी थोडा ताण. घाई केली की स्नायू घट्ट धरून बसतात आणि मिळालेलंही जातं, असं त्या म्हणायच्या. मी हे कन्सल्टंट मुलाला जसंच्या तसं सांगितलं. मुलगा शहाणा होता. दोन दिवस खिडकीत माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला आणि नुसतं बघत राहिला.

त्याला दिसलं ते असं. कॉम्प्युटर केबिनमध्ये, खिडकीपासून 32 पावलांवर. पाच मिनिटं हात लावला नाही की लॉगिन बाहेर पडायचं. लॉगिन एकच आणि माणसं तीन. आयटम कोड इतका लांब की टाइप करेपर्यंत खिडकीवर चार जण उभे. आणि क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी, व्हायचा असलेला माल सिस्टीमला दिसतच नसे, लाइनला मात्र तो आत्ता हवा असे. वही आम्ही हट्टाने धरली नव्हती. वही नसती तर पहिल्याच आठवड्यात मशीनं थांबली असती.

मग खिडकीतच एक कॉम्प्युटर आणि स्कॅनर आला, बिनांवर बारकोड चिकटले, 'क्यूसी होल्ड' नावाची जागा सिस्टीममध्ये उघडली, प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळालं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, वही परत मिळाल्यावर, रोज आठ-नऊ पानं भरायची, जुलैअखेर अर्धं पान. पुन्हा कुणी जप्त न करता.

तुमच्यापैकी कुणी असं दुहेरी दुखणं काढलंय का?

---

हात_वर

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, चिंचवडला बसतो. तुम्ही वर्णन केलंय त्याला आम्ही ट्रिक मूव्हमेंट म्हणतो. पेशंटला त्यावरून कधी रागवायचं नसतं. ती शरीराची हुशारी आहे, भाकरी थापायची असते, केस विंचरायचे असतात, कामं तर व्हायला हवीत ना. पण मोजताना फरा धरल्याशिवाय मोजायचं नाही.

धागा बरेच जण वाचतील म्हणून थोडी माहिती देतो. हे दुखणं बहुधा 40 ते 60 वयात होतं, बायकांना जास्त. एरवी शंभरात दोन ते पाच जणांना, मधुमेह असलेल्यांत शंभरात दहा ते वीस जणांना. तीन टप्पे असतात. पहिल्यात दुखणं जास्त आणि हालचाल कमी होत जाते, दुसऱ्यात दुखणं उतरतं पण खांदा गच्च असतो, तिसऱ्यात हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. पहिल्या टप्प्यात जोराने ताणलं तर त्रास वाढतो. आणि मधुमेहींनी खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर पुढचे काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती तपासत राहा आणि डॉक्टरांना आधीच सांगा.

व्यायाम व्हिडिओ बघून सुरू करू नका. एकदा कुणाला तरी हात दाखवा.

---

पासबुक

अप्रतिम लिहिलंय ताई. मी पुण्यातल्या एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो. कोअर बँकिंग (सगळ्या शाखांची खाती एकाच कॉम्प्युटर सिस्टीमवर) आलं तेव्हा लेजर, म्हणजे खातेवही, आणि कॉम्प्युटर दोन्ही बरोबरीने चालवायचं ठरलं होतं. संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवायची, फरक निघाला तर कुणी घरी जायचं नाही. पण हे उघड होतं आणि त्याला तारीख होती. अमुक तारखेनंतर लेजर कपाटात आणि किल्ली मॅनेजरकडे.

ज्या शाखेत तारीख पाळली तिथे दोन महिन्यांत लोक रुळले. एका शाखेत "अजून थोडे दिवस, अजून थोडे दिवस" करत वर्षभर लेजर चाललं. तिथली माणसं शेवटपर्यंत चाचपडत राहिली, कारण आकडा खरा कुठला असं विचारलं की बोट लेजरकडेच जायचं.

माझ्या पत्नीचं मनगट मोडलं होतं तेव्हा प्लास्टर काढल्यावरही ती हात झोळीत घालून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, झोळी आठवडाभर औषध आणि महिनाभर विष. आमच्या लेजरचं तेच झालं.

---

निगडी_ते_स्वारगेट

वाचतेय. माझ्या आईचा डावा खांदा सुटला आणि सहा महिन्यांनी उजवा धरला. दुसऱ्या वेळी ती घाबरली नाही, पहिल्या आठवड्यातच फिजिओकडे गेली.

---

जुनं_कपाट

या धाग्यावर एका माणसाचं नाव यायलाच हवं. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव ज्याने 1934 साली दिलं तो अर्नेस्ट कॉडमन, बोस्टनचा सर्जन. ताई वाकून हाताचे जे झोके घेतात त्यांनाही कॉडमनचे व्यायाम म्हणतात.

पण या माणसाचं अर्धं आयुष्य खांद्यात गेलं आणि अर्धं रुग्णालयं बदलण्यात. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक पेशंटचा पुढे पुरेसा काळ माग ठेवा, उपचार लागू पडला का ते बघा, नसेल तर का नाही ते लिहा, आणि तसं पुन्हा होऊ देऊ नका. पेशंटमागे एक कार्ड. सहकाऱ्यांना हे मानवलं नाही. 1914 मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधून राजीनामा दिला. त्याआधीच 1911 मध्ये त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं होतं. तिथे 1911 ते 1916 या काळात 337 पेशंट घरी गेले आणि त्यांच्या बाबतीत 123 चुका झाल्या, असं त्याने स्वतः मोजून छापून टाकलं. तेव्हा असं कोण करत होतं? पुढे अमेरिकेत रुग्णालयांचे दर्जे ठरवण्याची जी पद्धत उभी राहिली तिच्या मुळाशी याचं काम आहे. 1940 मध्ये तो वारला.

ताईंच्या कन्सल्टंटने 'नोंद केल्याची वेळ' हा कॉलम उघडला ना, ते मला कॉडमनच्या कार्डासारखं वाटलं. काम झालं का, एवढं विचारून थांबायचं नाही. खरोखर काय झालं ते विचारायचं.

---

गटचर्चा

मी एचआरमध्ये आहे. आमच्या क्षेत्रात बदलाचे तीन टप्पे शिकवतात ते मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनच्या नावावर आहेत. आधी गोठलेलं वितळवा, मग हलवा, मग पुन्हा गोठवा. 1947 सालच्या त्याच्या लेखात हे येतं आणि त्याच वर्षी तो वारला. खांद्याचं नाव आणि हा शब्द, दोन्हींत बर्फ आहे याकडे आज पहिल्यांदाच लक्ष गेलं.

पण लेविनचं मला जास्त पटणारं म्हणणं वेगळंच आहे. कुठलीही परिस्थिती स्थिर असते कारण तिला पुढे ढकलणारी बळं आणि मागे ओढणारी बळं सारखी झालेली असतात. तुम्ही ढकलायचा जोर वाढवलात तर बदल होईल, पण ताणही वाढेल. त्याऐवजी मागे ओढणारं बळ कमी केलं तर तोच बदल कमी ताणात होतो. 'वही जप्त करा' हा जोर होता. 32 पावलं कमी करणं म्हणजे मागची ओढ काढून घेणं. हे मी प्रशिक्षणात इतक्या वेळा सांगितलंय, पण पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्यांइतकं चपखल उदाहरण मला कधी सापडलं नव्हतं. परवानगी असेल तर वापरेन, कंपनीचा उल्लेख न करता.

तिसऱ्या टप्प्याबद्दल मात्र मन साशंक झालंय. खांदा पुन्हा गोठावा असं कुणाला वाटेल?

---

साकुरा_कोथरूड

मी जपानी भाषांतराचं काम करते, चाकणच्या कारखान्यांत पुष्कळ जाणं होतं. जपानीत या दुखण्याला साध्या बोलण्यात 'गोजुकाता' म्हणतात, म्हणजे पन्नाशीचा खांदा. ज्यांच्याकडून आपण कायझेन, फाइव्ह एस अशा काम सुधारायच्या पद्धती शिकलो तेही पन्नाशीत भिंतीवर बोटं चालवतात हे ऐकून आमच्या इथल्या एका सुपरवायझरकाकांना फार धीर आला होता.

---

तळवडे_नाका

लेख मनापासून आवडला, पण एक गोष्ट खटकतेय ती बोलतो. कंपनी म्हणजे शरीर नव्हे. खांदा दुखला की डोक्याला झोप लागत नाही. कंपनीत खांदा एक जण दुखवून घेतो आणि डोकं दुसऱ्या मजल्यावर एसीत बसलेलं असतं. ताई, तुमच्या मीटिंगमध्ये साहेब खूश होते तेव्हा खिडकीत तुम्ही चार जणांच्या शिव्या खात होतात. त्यांच्यापर्यंत ते दुखणं पोचलंच नव्हतं.

दुसरं असं की शरीर बरं होताना कुठल्या बोटाला घरी पाठवत नाही. आमच्याकडे सिस्टीम आली आणि स्टोअरमधली तीन कंत्राटी मुलं गेली. ती बदलाला अडत होती कारण तो कुणासाठी आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यांना शेक देऊन काय होणार होतं? म्हणून ही तुलना करताना मला भीती वाटते. माणसाच्या रास्त शंकेला 'आखडलेपण' म्हटलं की मग तिच्यावर इलाजच करायचा राहतो, ती ऐकायची राहून जाते.

---

पायाची_तपासणी

तळवडे_नाका यांच्या पहिल्या मुद्द्याला धरून. मी मधुमेहाच्या दवाखान्यात काम करते. शरीरातसुद्धा डोक्यापर्यंत दुखणं पोचत नाही असं होतं. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बधिर होतात. चपलेत खडा असतो, माणूस दिवसभर त्यावर चालतो आणि संध्याकाळी मोज्याला रक्त दिसल्यावर कळतं. आम्ही तळव्याला एक नायलॉनचा जाड धागा वाकेपर्यंत टेकवतो आणि डोळे मिटलेल्या पेशंटला विचारतो, कळलं का? ज्यांना कळत नाही ते आपणहून कधीच तक्रार घेऊन येत नाहीत. "पाय एकदम मस्त आहेत" असंच सांगतात.

त्यामुळे कुणी म्हणालं की आमच्याकडे नव्या पद्धतीबद्दल एकही तक्रार नाही, तर मला आधी तो धागा टेकवून बघावासा वाटतो.

ताई, खांद्याबरोबर पायही वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि एचबीएवनसी या साखरेच्या रक्ततपासणीचा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो, कारण तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात. पथ्य सुरू केल्यावर पंधराव्या दिवशी तपासून निराश होऊ नका. हे आमच्या प्रत्येक पेशंटला सांगावं लागतं.

---

पासबुक

@पायाची_तपासणी, बँकेत तक्रारपेटी होती. वर्षानुवर्षं रिकामी. आज तुमचं वाचून तिचा अर्थ लागला.

---

इश्यू_खिडकी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले.

@गटचर्चा, जरूर वापरा. पुन्हा गोठण्याबद्दल मी फिजिओबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सुटलेला खांदा रोज वापरात राहायला हवा, एवढंच." त्यांनी मला फळीवरचा पोह्यांचा डबा तिथेच ठेवायला सांगितलाय. मी तो खाली ओट्यावर आणून ठेवला होता.

@पायाची_तपासणी, पायांची तपासणी पुढच्या शनिवारी आहे. तुमच्यामुळे नाव नोंदवलं.

@जुनं_कपाट, कॉडमनबद्दल स्टोअरमधल्या मुलांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. 337 मध्ये 123 हा आकडा त्यांना खूप लागला. एक जण म्हणाला, बाई, आपण पण शॉर्टेज का झालं ते लिहायचं का, कुणाचं नाव न घालता? गेल्या सोमवारपासून खिडकीच्या आतल्या बाजूला फळा लावलाय. आतापर्यंत सात कारणं लिहिली गेली. त्यातल्या दोन वेळा मीच चुकीच्या बिनला स्टिकर लावला होता, ते मीच लिहिलं.

@तळवडे_नाका, दादा, तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यायला दोन दिवस घेतले. तुमचं खरं आहे. आमच्याकडे दोन कंत्राटी मुलं होती. जुन्या पद्धतीत रजिस्टर भरायला आणि बिन कार्डं लिहायला ती लागायची. ऑगस्टमध्ये सांगण्यात आलं की आता स्टोअरला इतकी माणसं नकोत. एकाला मी डिस्पॅचच्या साहेबांना विनवून तिकडे लावलं. दुसऱ्याचा करार संपला तो पुढे झाला नाही. दोन दिवस खिडकीत बसून नेमकं काय अडतंय ते कन्सल्टंटला दाखवणाऱ्यांत तोही होता. 32 पावलं त्यानेच मोजली होती. मूळ लेखात मी हे लिहिलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

तो आता मोशीत एका वेअरहाऊसला आहे. खंडेनवमीला मशीनं आणि स्कॅनर पुजले तेव्हा त्याला प्रसादाला बोलावलं होतं, तो आला. पगार आमच्यापेक्षा थोडा कमी आणि रात्रपाळी जास्त, असं म्हणाला. मी साहेबांकडे त्याचा अर्ज परत दिलाय. अजून उत्तर नाही.

हाताचं विचाराल तर फरा धरून 150 पर्यंत जातो. बाहेरच्या बाजूला अजून कमी फिरतो. हूक लागतात. वही ड्रॉवरमध्येच आहे, शेवटची नोंद 14 ऑगस्टची, त्या मुलाच्या अक्षरातली.